तेलुगूत सांगता येईल असं मानपत्र

आमच्या शाळेत कुणी निवृत्त होणार असलं की ते आधी मला कळतं आणि त्याच्या घरच्यांना नंतर, असं स्टाफरूममध्ये गमतीनं म्हणतात. त्याला कारण मानपत्र. सोलापुरातल्या या शाळेत आणि तिच्याच वरच्या मजल्यावरच्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवते. मराठीची बाई म्हणून मानपत्रं लिहिणं माझ्याकडे आपोआप आलं, जसं गणिताच्या सरांकडे वेळापत्रक आणि पी.टी.च्या सरांकडे मंडपवाला. मानपत्र लिहायचं, समारंभात स्वतःच वाचायचं, मग ते फ्रेम करून शाल-श्रीफळाबरोबर द्यायचं. ती फ्रेम त्या माणसाच्या घरी पुढच्या खोलीत लागते आणि आलेल्या पाहुण्याला चहा येईपर्यंत ती वाचावी लागते.

मी मानपत्रं चांगली लिहिते. उगाच नम्रपणा कशाला दाखवू? माझं वाचून झालं की पहिल्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावतात, आणि आपण इतके थोर होतो हे निवृत्त होणाऱ्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदाच कळतं.

त्यासाठी माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात मी शब्द जमवून ठेवलेत. ध्यास, तळमळ, कळकळ, झपाटलेपण, जाज्वल्य निष्ठा, धगधगतं ध्येय, उत्कट ओढ, झोकून देणं, वाहून घेणं. शब्द वापरला की त्याच्यापुढे पेन्सिलीनं वर्ष टाकायचं, म्हणजे लागोपाठच्या दोन माणसांना एकच तळमळ जायला नको. हे मी फार शिस्तीनं करत आले. एकदा दिवाळीच्या सुट्टीत ती वही चाळताना मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मी जरा वरमले. ज्यांच्याबद्दल सांगण्यासारखं खूप होतं, त्यांच्या नावापुढे दोन-तीनच शब्द खर्ची पडले होते. ज्यांनी तीस वर्षं नुसती हजेरी लावली होती, त्यांच्या मानपत्रात मी जाळ नुसता भडकवला होता. एका सरांचं नाव काढत नाही, पण ते तासाला वर्गात जाताना वर्तमानपत्र घेऊन जायचे. त्यांना मी ‘ज्ञानदानाच्या ध्यासानं अहोरात्र पेटलेलं व्यक्तिमत्त्व’ म्हटलं होतं.

मी एकटीच अशी आहे असं नाही. आमच्या इमारतीच्या जिन्यात एक सूचना चिकटवलेली आहे, ‘सर्व सभासदांना कळकळीची विनंती की चपला जिन्यात काढू नयेत.’ तिच्याच खाली दुसरी, ‘पाण्याच्या ज्वलंत प्रश्नाबाबत रविवारी बैठक.’ आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा प्रश्न ज्वलंत असेलही, पण बैठकीला पाचजण आले आणि त्यातले दोघं लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. चौकातल्या फलकावर ज्या पोराला ‘धगधगतं नेतृत्व’ म्हटलंय, तो माझ्याकडे दहावीला होता. बाकावर डोकं ठेवून झोपायचा. आणि माझ्या वर्गातल्या मुलींच्या रजेच्या अर्जात ‘तीव्र इच्छा असूनही’ हे शब्द नसले तर मला चुकल्यासारखं होतं. मीच शिकवलेत ते.

माझे वडील गावी, वैरागला, शेवटचे आजारी पडले तेव्हा भावाचा मेसेज आला. त्यात दोनच शब्द होते, ‘निघून ये’. त्यात तीव्र नव्हतं की कळकळीचं नव्हतं. मी होते तशी घरातून बाहेर पडले. पण तेव्हासुद्धा यावरून आपण काही शिकावं असं माझ्या डोक्यात आलं नाही. पुढच्याच महिन्यात मी एका क्लार्कबाईंना ‘कर्तव्याच्या अग्निकुंडात’ बसवलं.

माझा नवरा रेल्वेत आहे, कुर्डुवाडीला जाऊन-येऊन करतो. घरी आला की मी त्याला नवीन मानपत्र वाचून दाखवते, कारण तो नाही म्हणू शकत नाही. एकदा सगळं ऐकून तो म्हणाला, “छान आहे. पण तुझ्या मानपत्रातला माणूस कधी जेवतो का गं?” मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं येताना कडक भाकरी आणि शेंगा चटणी आणली, म्हणून मग बोलले.

आता खरी फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी एकाच दिवशी दोघांचा निरोप समारंभ होता. एक पी.टी.चे सर, ते आधीचे, आत्ताचे नव्हेत. आणि दुसऱ्या शिवणकामाच्या बाई. मानपत्रात वरती नाव असतं आणि खाली सगळं ‘आपण, आपण’. घाईत माझ्याकडून कागदांची अदलाबदल झाली. नाव सरांचं पुकारलं आणि मजकूर बाईंचा वाचला, मग नाव बाईंचं आणि मजकूर सरांचा. टाळ्या झाल्या. सर रडले, बाई रडल्या, मुख्याध्यापक सर म्हणाले की मॅडम, आज कळस केलात. दोनशे माणसांत कुणाच्याही काही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

लक्षात आलं ते एकाच माणसाच्या. आमच्या प्रयोगशाळेचे मामा. शाळेतल्या शिपायांना सगळे मामाच म्हणतात, पण नुसतं ‘मामा’ म्हटलं की ते हेच, विज्ञानाच्या प्रयोगशाळेतले परिचर. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “बाई, काल सरांचं बाईंना दिलाव आणि बाईंचं सरांना.”

मी आवाज खाली आणला. “तुम्हाला कसं कळलं?”

“मला पाठ हायत की. छापखान्यातनं मीच आणतो, फ्रेमवाल्याकडं मीच नेतो. सायकलवर पुढं ठिवतो. सिग्नलला उभारलं की वाचतो.” मग ते हसू दाबत म्हणाले, “पर काय झालं न्हाई त्यानं. दोन्ही बसलं.”

दोन्ही बसलं! मला त्या दिवशी राग आला तो त्यांचाच आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा. मी म्हटलं, कुणाला सांगू नका, आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

त्या मामांची निवृत्ती या वर्षी मार्चअखेरीला होती. आमच्याकडे पद्धत अशी की मानपत्र फक्त शिक्षकांना. शिपाई-परिचरांना शाल, नारळ, एक भेटवस्तू आणि मुख्याध्यापकांचे चार शब्द. ही पद्धत कुणी पाडली माहीत नाही, पण मीही ती इतकी वर्षं मोडली नव्हती. फेब्रुवारीत एका दुपारी मामा पुन्हा माझ्या टेबलाशी उभे राहिले. टेबलावरची वह्यांची चळत सरळ केली. मग म्हणाले, “बाई, माझं बी लिवा की.”

मी काही बोलायच्या आत त्यांनी कारण सांगितलं. एकदम, सगळं, जसं काही घरून जुळवून आणलेलं.

मामांच्या घरी तेलुगू बोलतात. सोलापुरात विणकरांची अशी खूप घरं आहेत. आजोबा-पणजोबांच्या वेळी इकडे आले, टॉवेल-चादरी विणल्या आणि इथलेच झाले. मामांचे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात होते आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मागात गेलेली होती. मामा मोठे, त्यांच्यामागे एक भाऊ. आईनं ठरवलं की थोरल्याला कारखान्यात घालायचं नाही, त्याचे हात शाबूत राहायला पाहिजेत. ती घरी विड्या वळायची. ज्याच्या-त्याच्या दारात जाऊन, हातापाया पडून तिनं त्याला शाळेत शिपाई म्हणून चिकटवलं. धाकटा कारखान्यात गेला. पुढं त्यानं स्वतःचे माग टाकले, आता त्याचं तीन मजली घर आहे. मामा मात्र शिपाईच राहिले.

“आता अम्मा म्हातारी झाली. रोज एकच बोलती. तुज्यावर मी अन्याव केला, म्हणती. तुला कारखान्यात घातलं असतं तर तूबी मालक झाला असतास. मी म्हणतो, अगं, मी लई बरा हाय. तिला पटत न्हाई. शाळेत तू काय करतोस तेच तिला ठाव न्हाई. बाटल्या धुतो, एवढंच.” मग म्हणाले, “तुमी लिवलं, समद्यांसमोर वाचलं, तर तिला पटंल.”

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते माणूस वाईट नाहीत, पण पद्धत म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. “आज यांना दिलं, उद्या सगळे मागतील,” म्हणाले. मी म्हटलं, “मागू देत की. लिहायचं मला आहे, तुमचं काय जातंय?” माझा आवाज चढतो तेव्हा तो पार कार्यालयाबाहेर जातो, आणि बाहेर पालक बसले होते. सरांनी हो म्हटलं. फक्त पाच मिनिटांत आटपा म्हणाले.

मी त्याच संध्याकाळी लिहायला बसले. वही उघडली आणि मनात म्हटलं, मामांसाठी हात आखडता घ्यायचा नाही. जे शब्द मी संस्थेच्या अध्यक्षांसाठी राखून ठेवले होते तेसुद्धा काढले. ‘प्रयोगशाळेच्या मूक गाभाऱ्यात सेवेची ज्योत अखंड तेवत ठेवणारे’, ‘जाज्वल्य निष्ठेचा धगधगता निखारा’, ‘विद्यार्थ्यांविषयीच्या उत्कट तळमळीनं झपाटलेले’. तासाभरात झालं. इतकं झोकदार मानपत्र मी आजवर लिहिलं नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं ताट वाढायला घेतलं आणि मला विचारलं, “मामा जेवले का?”

एरवी मी कुणाला आधी दाखवत नाही, पण मामांना दाखवलं. त्यांनी प्रयोगशाळेच्या सिंकपाशी उभं राहून वाचलं, दोन वेळा वाचलं, कागद कपाळाला लावला. मला फार बरं वाटलं. कागद घरी नेऊ का म्हणाले. न्या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते आले ते तोंड पाडून. “बाई, रागावू नका.”

“काय झालं?”

“अम्माला सांगून बघितलं. तिला मराठी येतंय बाजारापुरतं. भाजी, भाडं, दवाखाना. पुस्तकातलं न्हाई येत. म्हणून मी एकेक ओळ तेलुगूत सांगाय गेलो. त्यो निखारा हाय न्हवं? मी म्हणालो, अम्मा, माझ्या आत लई आग हाय, असं बाईंनी लिवलंय.”

“मग?”

“ती म्हणाली, ताक पी.”

मला हसू आवरेना. मामाही हसायला लागले, सिंकला धरून. मग त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाले, “तळमळ सांगितली. ती म्हणाली, झोप येत न्हाई काय तुला? ज्योत सांगितली. म्हणाली, लाईट गेलती व्हय? बाई, ह्यात मी कायबी करतच न्हाई. नुसता जळतोय. तेलुगूत सांगाय गेलं की कायच उरत न्हाई बगा.”

मी कागद परत घेतला. घरी जाऊन पुन्हा वाचला आणि मला माझीच शरम वाटली. ‘प्रयोगशाळा’ हा शब्द काढून तिथं ‘व्यायामशाळा’ घातला असता तर ते पी.टी.च्या सरांना बसलं असतं. ‘स्वयंपाकघर’ घातलं असतं तर मलाही. वीस वर्षं ज्या माणसानं माझी मानपत्रं सायकलवरून नेली, त्याच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की तो शांत आहे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो.

तेव्हा मी ठरवलं की आता असं लिहायचं जे तेलुगूत सांगता येईल. मला तेलुगू येत नाही. पण काय सांगता येईल आणि काय नाही हे कळायला ती भाषा यावी लागते असं नाही. माणसानं काय केलं ते लिहायचं. आणि ते लिहायचं तर आधी बघायला पाहिजे.

मी ऑफ तासाला प्रयोगशाळेत जाऊन बसायला लागले. वीस वर्षांत त्या खोलीत मी परीक्षेच्या पर्यवेक्षणापुरतीच गेले होते. मामांना पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं, मग सवय झाली. ते साडेनऊला येऊन सगळ्या खिडक्या उघडायचे आणि वास गेल्याशिवाय एकाही मुलाला आत सोडायचे नाहीत, वरच्या कॉलेजच्या मॅडम स्वतः घेऊन आल्या तरी नाही. परीक्षानळी धुतली की ती उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायचे. तडा असलेली बाजूला काढायचे, तशीच फेकायचे नाहीत. कागदात गुंडाळून, पुड्यावर ‘काच’ असं मोठं लिहून मग कचऱ्यात, म्हणजे उचलणाऱ्या बाईचा हात कापू नये. कुठल्या बर्नरला गळती आहे हे ते नव्या सरांना पहिल्या दिवशी सांगायचे, बाजूला घेऊन, मुलांसमोर नाही. बारावीच्या प्रॅक्टिकलला कुणाला क्षार ओळखता आला नाही की मामांना खोकला यायचा, आणि तो कितीदा यायचा याला अर्थ असायचा, असं पोरं म्हणतात. हे मी मानपत्रात घातलं नाही.

मी विचारत गेले, ते सांगत गेले. एका दुपारी ते मोठी बरणी धूत होते आणि बाही वर केलेली होती. डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत कातडी ताणलेली आणि गुळगुळीत. मी विचारलं. ते म्हणाले, “जुनं हाय.” मी सोडते थोडीच? शेवटी त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. नववीचा वर्ग होता. एका पोरीच्या पुढ्यात ॲसिडची बाटली होती, मागून कुणाचा तरी धक्का लागला, बाटली तिच्या तोंडावर यायला आणि त्यांनी हात मध्ये घालायला एकच गाठ पडली. मग नळाखाली हात धरला, दवाखान्यात गेले, आठ दिवसांनी कामावर आले.

नाव ऐकलं, तर ती मुलगी मला चांगली माहीत होती. माझ्याच वर्गातली. त्या दिवशी वर्ग लवकर सोडला होता एवढं मला आठवत होतं. का सोडला हे मी विचारलं नव्हतं. मी बहुधा कुणाचं तरी मानपत्र लिहीत होते.

“हे मी लिहिणार,” मी म्हटलं.

“ते कशाला, बाई. ते ऱ्हाऊ द्या की.”

मला वाटलं, माणूस नम्र आहे. निवृत्त होणारे सगळेच ‘हे कशाला’ म्हणतात आणि नाही लिहिलं तर रुसतात. मी लिहिलं. का नको हे मी विचारलं नाही, ही माझी चूक. मला एकदा वाक्य सुचलं की मी कुणाचं ऐकत नाही, हा माझा जुना दोष आहे.

पूर्ण मानपत्र एका पानाचं झालं. वहीतला एकही शब्द त्यात नव्हता. छापायला देण्याआधी मुख्याध्यापकांनी वाचलं आणि चष्मा वर करून म्हणाले, “मॅडम, जरा जोश कमी वाटतो का?” मी म्हटलं, जोश तुम्ही भाषणात घाला. या वेळी कागद मीच छापखान्यात नेला आणि फ्रेमही मीच आणली.

समारंभ दुपारी चारला, सभागृहात. पंखे गरम हवा फिरवत होते. मामांचा भाऊ, भावजय, मुली, जावई, सगळे आले होते. मामांची आई मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. लहानशी, वाकलेली, हिरव्या काठाचं लुगडं, विड्या वळून वळून बोटांची टोकं काळपट झालेली. मी मुख्याध्यापकांशी आधीच भांडून ठेवलं होतं, त्यामुळे तिची खुर्ची व्यासपीठावर मामांच्या शेजारी होती. ठरलं असं की मी एक वाक्य वाचायचं आणि थांबायचं, मामांनी ते आईच्या कानात तेलुगूत सांगायचं, मग मी पुढचं वाचायचं.

मुख्याध्यापकांनी भाषणात मामांना ‘धगधगतं यज्ञकुंड’ म्हटलं. आई शांतपणे समोरच्या बिसलरीच्या बाटलीकडे बघत होती. मग मी उभी राहिले.

“आपण रोज साडेनऊला येऊन प्रयोगशाळेच्या खिडक्या उघडल्यात. वास गेल्याशिवाय एकाही मुलाला आत येऊ दिलं नाहीत.” थांबले. मामा वाकले, आईच्या कानाशी बोलले. तिनं मान हलवली. “अवु,” म्हणाली, म्हणजे हो.

“प्रत्येक काचनळी आपण धुतलीत, उजेडाला धरून बघितलीत. तडा गेलेली काच कागदात गुंडाळून तिच्यावर लिहून ठेवलंत, कचरा उचलणाऱ्या बाईचा हात कापू नये म्हणून.” मामा बोलले. आई त्यांच्याकडे बघायला लागली. दाराशी कचरा गाडीवरची बाई उभी होती. तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि आपण एकटीच वाजवतोय हे कळल्यावर थांबली. मग सगळ्यांनी वाजवल्या.

असं एकेक वाक्य चाललं होतं. इतकं हळू मानपत्र मी कधी वाचलं नव्हतं. धाकटा भाऊ पुढे वाकून ऐकत होता. मला स्वतःलाच नवल वाटत होतं की नुसतं काय केलं ते सांगितलं तरी पुरतं. मला फार आनंद होत होता, खोटं कशाला सांगू.

मग ते वाक्य आलं. “नववीच्या एका मुलीच्या तोंडावर ॲसिडची बाटली येत होती. आपण आपला हात मध्ये घातलात. तिचा चेहरा वाचला, आपला हात भाजला.”

मी थांबले. मामा वाकले नाहीत. ते समोर बघत होते आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बारीक मान हलवली, पुढं वाचा म्हणून. तेव्हा मला कळलं. हात शाबूत राहावेत म्हणून जिनं त्यांना शाळेच्या नोकरीत घातलं, तिला त्यांनी हे कधी सांगितलेलंच नव्हतं.

 मी घाईनं पुढचं वाक्य वाचायला तोंड उघडलं. पण आईनं हात वर केला. तिनं मामांकडे नाही, माझ्याकडे बघितलं, आणि मराठीत म्हणाली, मोठ्यानं, माईकमध्ये गेलं सगळं, “चा न्हवता व्हय त्यो?”

कुणाला काही कळलं नाही. मामा खाली बघून पुटपुटले, “चहा सांडला म्हणून सांगितलं व्हतं तिला.”

हात, तोंड, बाटली, भाजला. पुस्तकातलं मराठी तिला येत नव्हतं, पण हे काही पुस्तकातलं नव्हतं. तिला सांगायला कुणी मध्ये लागलंच नव्हतं.

“पोरगी?” ती मला म्हणाली. “ती पोरगी बरी हाय?”

“बरी आहे, आजी. पुण्याला असते. दिवाळीला मला फोन करते.”

तिचं समाधान झालं नाही. ती तशीच बघत राहिली. मी कागद टेबलावर ठेवला, पर्समधून मोबाईल काढला. फोटो वरखाली करत शोधत राहिले. शेवटी त्या मुलीचा फोटो सापडला, लग्नातला, नाकात नथ, हसणारी. मी तो आजींच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. एक गाल बघितला, मग दुसरा. काळपट बोट काचेवरून कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवलं. 

मग त्यांनी मोबाईल मला परत दिला आणि मामांचा डावा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. साठ वर्षांच्या माणसाच्या बाहीचं बटण त्यांनी सगळ्यांसमोर काढलं, बाही वर सारली आणि त्या कातडीवर तळवा ठेवला. तेलुगूत काहीतरी म्हणाल्या, मोजकंच. मामांचे खांदे हलायला लागले.

मी माईक बाजूला केला आणि विचारलं, “काय म्हणाल्या?”

मामांनी आधी नाक पुसलं. मग म्हणाले, “म्हणाली, हात कामाला आला तुझा.”